सोयराबाईंची चोरओटी

८ फेब्रुवारी, शनिवार
बेंगळुरूत येऊन महिना झाला आणि आज प्रथमच सर्जापूर रोडच्या बाहेर पडले. सोसायटीच्या बायकांची बसने सहल, देवनहळ्ळीचा किल्ला. भाषा कळत नाही, म्हणजे मला हा परदेशच. पण सोबत शेजारच्या हेमावतीअक्का होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या देवनहळ्ळीचं, मराठीला कन्नडची फोडणी. बुरुज पाहिले, ढीगभर फोटो काढले, एकीची चप्पल सेल्फीपायी खाली गेली.

सगळ्या देवळात गेल्या तेव्हा मी गल्लीतल्या एका ओट्यावर टेकले. घरातून नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या, सोयराबाई. ये मगळे, म्हणजे मुली, म्हणत आत नेलं. तिसरा महिना ना, असं विचारून माझी चोरओटी भरली. नवऱ्याशिवाय, गिरीराजशिवाय, कुणाला हे ठाऊक नाही. आई गेल्यापासून मला माहेर उरलं नाही. ही गुपचूप भरायची ओटी कोण भरणार, म्हणून कालच रडले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, इकडंच यायचं, म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला आणि हो आई म्हटलं.

९ फेब्रुवारी
ओटीच्या तांदळाची खीर केली. इतकी गोड खीर जन्मात खाल्ली नाही. गिरीराजने तोंड वाकडं केलं, पण वाटी संपवली.

११ फेब्रुवारी
अक्कांना सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. ते घर त्यांच्या लहानपणापासून कुलूपबंद आहे. सोयराबाईंच्या लेकीला सासरच्यांनी माहेरी धाडलं नाही. ती तिकडेच बाळंतपणात गेली, बाळासकट. आई ओट्यावर वाट बघत मेली. स्वल्प जपून, काही कबूल नाही ना केलंस, असं अक्कांनी विचारलं. नाही म्हटलं. सांगायला जीभच रेटेना.

१४ फेब्रुवारी
दुपारी गेटवरून फोन. तुमच्या आई आल्यात, न्यायला. सोडू नका म्हटलं. गिरीराजला फोन लावला. तो म्हणाला, अगं, आईंना असं ताटकळत ठेवतात का?
माझ्या आईच्या चितेपाशी हाच माझ्या शेजारी उभा होता.

१५ फेब्रुवारी
बॅग भरलेली सापडली. मी नाही भरली. आत झबली — जुनी, पिवळी पडलेली —

१६, सकाळ
बेल. मी उघडणार नाही. बाळ माझं आहे, मी कुठेही —
गिरीराजने उघडलं. या आई, म्हणतोय.
ये मगळे.
किती दिवसांनी मला कुणी इतक्या मायेनं —
हो आई, आलेच, एवढं लिहून