हुरड्यावर चालून गेलेला बंब

सोलापूर,
पौष महिना, मंगळवार, दुपार.

तीर्थरूप नारायणमामांच्या सेवेशी,

भाची अनसूया हिचा साष्टांग नमस्कार. (अंगणात बंब उभा असल्यामुळे प्रत्यक्ष साष्टांग घालण्यापुरती जागा आमच्याकडे उरलेली नाही, पण मनातून पूर्ण लांबीचा घातला आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा शेक चालू ठेवावा, व बरे वाटू लागले म्हणून लगेच मळ्यापर्यंत चालत जाऊ नये. मामींचा खोकला थांबला असेलच. इकडे सर्व क्षेम आहे. आईने रविवारपासून माझ्याशी अबोला धरला आहे, अण्णा सकाळपासून चिंच घेऊन पितळ घासत बसले आहेत, आणि मथुराआत्यांच्या उजव्या दंडात चमक भरली आहे. ही तिन्ही लक्षणे एकंदरीत चांगलीच आहेत असे माझे मत झाले आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हे पत्र. तुमच्या करकंबपर्यंत बातमी पोहोचली असेल की अनसूयेने वळसंगच्या पाहुण्यांच्या अंगावर पाणी ओतले. ओतले हा शब्द बरोबर नाही. पाणी मारले. त्याला पाच बायका लागतात.

तुम्हांला ठाऊक आहेच, मी बी. ए. झाल्याची तार आली तेव्हा अण्णांना भान राहिले नाही. (एरवी कोर्टात शिरस्तेदार असल्यामुळे ते घरातसुद्धा शब्द जपून वापरतात, 'भूक लागली' न म्हणता 'भूक लागल्याचे दिसते' म्हणतात.) आपल्या घरात पदवी घेतलेले मी पहिलेच माणूस, म्हणून त्यांनी चार शेजाऱ्यांदेखत म्हटले, "माग, काय हवे ते माग." त्यांच्या मनात इरकली लुगडे होते. मी गिरणीच्या मागे गवतात पडलेला आगीचा जुना बंब मागितला. गिरणीवाल्यांनी नवा मोटारीचा बंब आणल्यापासून हा बिचारा तिथे उन्हात पडून होता, आणि कोंबड्या त्याच्यात अंडी घालत होत्या. पुण्याला आमच्या वसतिगृहात एकदा व्याख्यान झाले होते की सुशिक्षित स्त्रीने समाजाच्या उपयोगी पडेल असा एक तरी छंद बाळगावा. माझ्या मैत्रिणींनी विणकाम घेतले, एकीने पेटी घेतली. पण विणकामाने कोणाचे घर जळायचे वाचल्याचे माझ्या ऐकिवात नाही. अण्णा शब्दात अडकले होते. बंब आला.

मामा, तुम्ही तो पाहायला हवा होता. चार लाकडी चाके, तांबडा रंग, दोन्ही बाजूंना पंप मारायचे लांब दांडे, पितळेचे मोठे नळकांडे, कातड्याची नळी, आणि पुढे घंटा. पितळी पट्टीवर कोरलेले साल पाहता तो अण्णांपेक्षा वयाने मोठा निघाला, तेव्हापासून मथुराआत्या त्याला उजवी प्रदक्षिणा घालून मगच विहिरीवर जातात. तो अंगणात आल्यापासून आमची गाय गोठ्यात जायला स्वयंपाकघरातून जाते. आईने सुरुवातीला हे मनाला लावून घेतले; नंतर गाईने जाता जाता पिठाचा डबा मनाला लावून घेतला, तेव्हा मात्र प्रकरण चिघळले.

बंब म्हटला की माणसे हवीत. मी पुरुषांना विचारले नाही, कारण पुरुष 'विचार करून सांगतो' म्हणतात, आणि तोवर काय ते जळून जाते. आत्या घरातल्याच. शेणी थापणारी बजाबाई स्वतःहून आली. शेजारच्या मागवाल्यांची सुंदरम्मा आली, कारण दिवसभर मागावर हात चालवून तिचे दंड तयार आहेत. अक्कलकोटकडची कानडी बोलणारी शरणम्मा सुनेशी भांडून आली, आणि दांडा मारल्यावर राग उतरतो म्हणून येत राहिली. या चौघी दांड्यांवर, मी नळीच्या तोंडाशी. दर रविवारी सराव. पहिल्यांदा पाणी सुटले तेव्हा नळी दाव्याला ओढणाऱ्या कालवडीसारखी माझ्या हातात उसळली, आणि पाण्याची ती पांढरी कमान चिंचेच्या शेंड्यावरून पलीकडच्या गल्लीत पडली. पलीकडून कोणीतरी ओरडले. मामा, मला तत्त्वज्ञानात बक्षीस मिळाले होते, पण असा आनंद झाला नव्हता. आता तर पलीकडच्या गल्लीतल्या बायका रविवारी घागरी मांडूनच ठेवतात. आपल्या सोलापुरात पाण्याला कोण नाही म्हणते?

बैलांची मात्र अडचण झाली. रविवारी रिकामे असणारे बैल फक्त संगप्पा तेल्याचे. जोडी देखणी आहे, स्वभावाने गरीब आहे, पण दोन्ही जन्मभर घाण्याला फिरलेले. त्यांना सरळ रस्ता म्हणजे काय हे माहीत नाही. डोळ्यांवर झापडे बांधल्याशिवाय ते पाऊल उचलत नाहीत, आणि उचलले की उजवीकडे वळतात. त्यामुळे आमचा बंब प्रत्येक चौकाला दोन-तीन प्रदक्षिणा घालून पुढे जातो. संगप्पाला मी म्हटले की आगीच्या वेळी हे चालणार नाही, तर तो म्हणाला, "बाई, आग कुटं पळून जातीया व्हय? फिरून फिरून तितंच जायाचं की." मी कासरा त्याच्याच हाती दिला.

परंतु खरी अडचण वेगळीच होती. आग लागेना. (लागावी असे मी कधीही म्हटलेले नाही. दुसऱ्याच्या घराला आग लागावी असे वाटणे पाप आहे. पण बंबाला असे वाटत असल्यास त्याला मी काय करू?) आम्ही गल्लोगल्ली सांगून आलो की धूर दिसला तर वर्दी द्या. पहिली वर्दी आली त्या ठिकाणी एक भट्टीवाला चणे भाजत होता. मी त्याला विचारले, आगीबाबत आपली काही अडचण आहे का? तो म्हणाला, "तुमी गेलासा म्हंजी काय अडचन न्हाय." अशी निराशा होत असताना अण्णांनी निकाल दिला : संक्रांतीपर्यंत बंबाने एक तरी खरी आग विझवावी, नाहीतर तो मोडीत जाईल. तांबट येऊन पाहूनसुद्धा गेला. त्याने घंटेला टिचकी मारून "हिचे दोन तांबे निघतील" असे म्हटले तेव्हा मला घरात निघून जावे लागले. ज्या घंटेने माणसे जागी व्हायची, तिने कोणाच्या तरी न्हाणीत पडून राहायचे!

आता रविवार. आई आणि अण्णा देवदर्शनाला जातो म्हणून सकाळीच टांग्याने गेले. देवदर्शनाला आईने मोत्यांची नथ का घातली, हा विचार मी करायला हवा होता. पण संक्रांत तोंडावर आली होती, आणि माझे लक्ष फक्त आकाशाकडे होते. आम्ही लांबच्या सरावासाठी वळसंगच्या रस्त्याला निघालो. शहर मागे पडले, दोन्हीकडे कणसांवर आलेली ज्वारी, आणि एकदम बंबावर उभी असलेली बजाबाई ओरडली, "ताई, धूर! लई मोटा धूर हाय!" ज्वारीच्या ऐन मध्यातून धूर वर येत होता. कोणी उपरणे हलवीत होते. माणसे वाकत होती, उठत होती, तोंडे पुसत होती.

खरे सांगते मामा, हुरड्याचा वास आम्हां पाचही जणींना आला. पण तर्कशास्त्रात मी पहिल्या वर्गात आले आहे. ज्वारीच्या उभ्या पिकाला आग लागली तर वास कशाचा येईल? हुरड्याचाच येईल. म्हणजे हुरड्याचा वास येणे हा पीक पेटल्याचाच पुरावा होतो. मी हे चौघींना समजावून सांगितले, आणि चौघींनाही ते इतक्या लवकर पटले की मला माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटला. शरणम्माने तर दांडा आधीच धरला होता.

मी घंटा वाजवली. बैल धावले, आणि अर्थातच उजवीकडे वळले. आम्ही त्या शेताला घंटा वाजवीत एक पूर्ण फेरा घातला. आतल्या लोकांना वाटले, कसली तरी मिरवणूक चालली आहे. काहींनी हात जोडले. दुसऱ्या फेऱ्याला एक गृहस्थ घाईने कडब्याच्या पेंढीमागे जाऊन बसलेले मला दिसले. आगीला भ्यालेले कोणीतरी म्हातारे असावेत, असे मला वाटले. (ते अण्णा होते.) तिसऱ्या फेऱ्याला संगप्पाने बैलांची झापडे ओढून काढली, बैल नवलाने जागच्या जागी उभे राहिले, आणि नेमकी समोर विहीर आली. पाणी ओढायची दुसरी नळी विहिरीत टाकली. आत्या म्हणाल्या, "मारा गं!" आणि चौघींनी दांडे मारले.

मामा, नेम अचूक लागला हे आमच्या शत्रूंनाही कबूल करावे लागेल. हुरडा भाजायची आगटी एका क्षणात विझली. मग दह्याचे गाडगे गेले, मग लसणाची चटणी, मग गुळाची ढेप लांबवर घरंगळत गेली. नळी एकदा उसळली की तिला मुरड घालायला वेळ लागतो, त्यामुळे गोल करून बसलेली सर्व मंडळी ओळीने भिजली. एक नथ ओळखीची वाटली, तोवर पाणी तिच्यापर्यंत पोहोचले होते. मी "थांबा!" म्हणून ओरडले, पण शरणम्माला मराठी नेमके तेव्हा कळेनासे झाले.

पाणी थांबल्यावर अण्णा पेंढीमागून उठले. त्यांच्या मुठीत थोडा हुरडा तसाच होता. शेताचे मालक आणि हुरड्याचे यजमान, वळसंगचे यज्ञेश्वरपंत, यांची पगडी हातात पिळलेली होती. अण्णा त्यांना म्हणाले, "ही जी मुलगी आपण पाहायला यायचे म्हणत होता, ती हीच असल्याचे दिसते." अशा रीतीने मला कळले की माझ्यासाठी स्थळ पाहणे चालू होते.

यज्ञेश्वरपंतांचे लक्ष माझ्याकडे नव्हते. ते पाण्याकडे पाहत होते. पाणी आमच्या नळीतून सुटून आगटीवरून जे गेले, ते थेट बांधापलीकडच्या उंच तुकड्यात पडले होते, आणि तो तुकडा (हे मागून समजले) त्यांच्या आजोबांपासून कोरडा आहे. मोटेचे पाणी तिथे चढत नाही. पंत पगडी तशीच पिळीत वर चढून गेले, ओल्या मातीत काठी खुपसली, परत आले, आणि म्हणाले, "मुलगी पसंत आहे. आमचे मोटेचे बैल म्हातारे झालेत."

बोलणी तिथेच चिखलात उभ्याने झाली. सोने नको, मानपान नको, पोशाख नको; हुंडा म्हणून फक्त बंब. आणि मामा, ज्या अण्णांनी तांबटाला घरी बोलावले होते, ते लगेच काय म्हणाले? "छे, छे, बंब आमच्या घरात फार जिव्हाळ्याचा आहे, मंडळींना विचारावे लागेल." त्या दिवसापासून ते त्याला घासत आहेत.

आता माझी अवस्था पाहा. पदवी हातात घेतली त्या दिवशी मी प्रतिज्ञा केली आहे की हुंडा देऊन लग्न करणार नाही. प्रतिज्ञा करताना माझ्या डोळ्यांसमोर पैसे व दागिने होते, बंब नव्हता हे खरे; पण असली पळवाट सुशिक्षित स्त्रीला शोभत नाही. नकार द्यावा, तर संक्रांतीला तांबट येतो, कारण हुरड्याची आगटी ही कायद्याने आग ठरत नाही असे अण्णांनी स्पष्ट केले आहे. (माझे म्हणणे, विझली ती आग. पण अपील त्यांच्याकडेच आहे.) होकार द्यावा, तर माझ्याच बंबावर बसून माझी प्रतिज्ञा मोडते. तेव्हा मी नकार द्यायचा, बंब जाऊ द्यायचा, आणि तत्त्व राखायचे असे ठरवले आहे. तुमच्याकडून काहीही मागणे नाही. फक्त आशीर्वाद असावा.

आपली नम्र भाची,
अनसूया

ता. क. : मथुराआत्या सांगतात की मामाने भाचीला लग्नात दिलेली वस्तू हुंड्यात धरत नाहीत, तो मामाचा आहेर. हे ऐकून मला फार बरे वाटले. म्हणून या पत्राने मी बंब तुम्हांला देऊन टाकत आहे. तो आता तुमचा झाला, तुमच्या वस्तूला तांबट हात लावू शकत नाही. तुम्ही तो मांडवात मला द्यावा. संक्रांतीच्या आत येऊन अण्णांना तसे ठणकावून सांगावे. गुडघा दुखत असल्यास गाडी करून यावे, पण यावेच.

दुसरा ता. क. : यज्ञेश्वरपंतांना तुमच्या तोंडून ही अटही कळवावी की रविवारी बंब शेतावर नसेल. रविवारी तो आम्हां पाच जणींचा. सुंदरम्माने चौघींना वळसंगला यायला टांग्याचे भाडेसुद्धा ठरवून ठेवले आहे.

तिसरा ता. क. : भिजलेल्यांत तीन तरुण होते. एक हसत होता, एक शिंकत होता, आणि एक नळी गुंडाळायला मदत करीत होता. त्यांपैकी मुलगा कोणता, हे गडबडीत विचारायचे राहिले. अण्णांना विचारायची लाज वाटते, आणि आईचा अबोला आहे. तरी तुम्ही परस्पर चौकशी करून कळवावे. शिंकणारा नसल्यास बरे. पण असला, तरी बंबाचे वर लिहिल्याप्रमाणेच समजावे.