दीड डबा टीसीएल

८ ऑगस्ट
धरणगावला आम्हा गावोगावच्या पाणीवाल्यांचं प्रशिक्षण. मॅडम म्हणाल्या, पालापाचोळा कुजलेल्या गढूळ पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, टाकली की भलतीच रसायनं तयार होतात. वर्षानुवर्षं पोटात गेली तर मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका. गरोदर बायांबद्दलही शंका आहे, सिद्ध नाही. पावडर बंद करू नका, आधी पाणी गाळा. गाळा म्हणे! आमच्या फिल्टरची वाळू चार वर्षांत बदललेली नाही. नदीचं पाणी तसंच टाकीत चढतं, आणि गढूळ दिसतं म्हणून मी एका डब्याऐवजी दीड डबा ओततो!

९ ऑगस्ट
मोहिनी बाळंतपणाला आलीय, सातवा महिना. गेल्या साली आरामाला आली तेव्हा पाचव्या महिन्यात पोटातलं गेलं. डॉक्टर म्हणाले, कारण सांगता येत नाही. मला आज कळलं. बापानेच पाजलं पोरीला!

११ ऑगस्ट
सरपंच शालिग्रामभाऊंना वाळूचं विचारलं. हसले. "बठ्ठं गाव हाईच पानी पेस. मरनं का कोनी?" सगळं गाव हेच पाणी पितं म्हणून काय झालं! वाळू दिवाळीनंतर बघू म्हणे. खुर्चीत बसून बोलायला काय जातं यांच्या बापाचं!

१२ ऑगस्ट
आज अर्धाच डबा. कुणाला सांगितलं नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर नळाच्या पाण्याची तपासणी केली. नळीत औषधाचे थेंब टाकले, पाणी पिवळं झालंच नाही — म्हणजे नळापर्यंत पावडर पोचतच नाही. वहीत ‘पिवळा’ लिहून सही ठोकली. शेजारची तानुअक्का म्हणाली, आता पाण्याला वास नाही, गोड लागतं. माझं कौतुक केलं म्हातारीने. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१९ ऑगस्ट
आमच्या खालच्या आळीत जुलाब-उलट्या. चौदा जण. तानुअक्काला जळगावला नेलं. सकाळीच पुन्हा दीड डबा टाकला, पण आता काय उपयोग! गटार नळात झिरपली म्हणत लोक गटारीला शिव्या देतायत. मी पण दिल्या. हलकट माणूस आहे मी.

२१ ऑगस्ट
तानुअक्का गेली.
मोहिनीला विचारलं, तुझं पोट ठीक आहे ना? खाली बघत म्हणाली, "आप्पा, मी नळाचं पाणी पितच नाही. तुम्ही टाकीवर गेलात की आई विकतच्या पाण्याचा जार मागवते. मागच्या खेपेलाही तेच प्यायले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही बोललो नाही."