कन्यादानात उठायचं नाही

२ मे
फंक्शन हॉल पाहून आलो. एसी आहे, लिफ्ट आहे, नवरदेवाच्या घोड्यालासुद्धा जागा आहे. बाथरूम तेवढं स्टेजच्या पार दुसऱ्या टोकाला, तेही पायऱ्या चढून. वडीलधाऱ्यांचा मान हल्ली असा राखतात.
पुतणीचं, मेघनाचं कन्यादान मी करणार. दादा गेल्यापासून पोरीने माझ्याकडे मागितलेलं हे एवढंच. विधी सुरू झाला की उठता येत नाही. हरकत नाही. मी सारखा उठतो तो सवयीने, गरजेने नव्हे.

५ मे
शेजारचे मुकुंदराव म्हणाले, यशवंतराव, डॉक्टरला दाखवा, मी अंगावर काढलं आणि पस्तावलो. त्यांना म्हटलं, तुमचं वेगळं, तुम्ही म्हातारे. वयाने माझ्याहून लहान आहेत, पण प्रश्न वृत्तीचा आहे.

८ मे
कोठीच्या बाजारातून हकीमसाहेबांचं माजून, म्हणजे युनानी चाटण, आणलं. ते म्हणाले, पेशाब, कब्ज, जवानी, तीनों को एकीच डिब्बी, फिकर नक्को. बायको, मालती, म्हणाली, पहिली दोन कामं झाली तरी पुष्कळ.

११ मे
कन्यादानात हातांवर पाण्याची धार सोडतात. धारेच्या आवाजानेच माझी पंचाईत होते. म्हणून सराव. नळ सोडला, समोर पाटावर बसलो. मालती ओरडली, पाणी दिवसाआड येतं, कळतंय का? सराव आवरता घेतला. म्हणजे तसाही मी उठलोच होतो.

१४ मे
पाणी पिणं बंद. उगमच नाही तर नदी कुठली? कूलरच्या वाऱ्याने सर्दी झाली. घरातली गोळी घेतली.

१५ मे, सकाळ
विजय! कालपासून एकदाही उठलो नाही. मालतीला म्हटलं, बघ. ती माझ्या फुगलेल्या पोटाकडे बघत होती.

दुपार
लागलीय. होत नाही.

संध्याकाळ
होत नाही. देवा, हवं तितक्या वेळा उठव.

१६ मे
दवाखान्यात नळी घातली. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेट आधीच वाढलेलं, त्यात सर्दीची गोळी, रस्ताच बंद. आणखी थांबला असतात तर किडनीवर बेतलं असतं. मेघना रडून म्हणाली, काका, कन्यादान मामा करेल, तुम्ही फक्त बरे व्हा. मामा!
मुकुंदराव आले. खोलीचं दार लावून घेतलं, धोतराच्या आत मांडीला नळीची पिशवी कशी बांधायची ते दाखवलं. बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, यशवंतराव बसणार.

१९ मे
कन्यादान झालं. हातांवरून धार पडत होती, मी ढिम्म. लोक म्हणाले, या वयात काय बैठक आहे! मालती पदराआड हसली की रडली, कळलं नाही.
जेवताना मुकुंदराव मधेच उठले. मेघनाचा मामा मोठ्याने म्हणाला, काय मुकुंदराव, पुन्हा स्टेशन आलं? अख्खी पंगत हसली. मी पानावरून उठलो. म्हटलं, थांबा मुकुंदराव, मलाही जायचंय.
बाथरूमच्या पायऱ्या दोघं मिळून चढलो. ते आत गेले. मी दाराशी त्यांचा चष्मा धरून उभा राहिलो.