मोठ्यानं वाचायचा इतिहास

साखरा, १७ सप्टेंबर २००२

मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं. आम्ही मायलेकींनी ते घरातूनच ऐकलं. एसटीनं जाणं नको म्हणून मामंजींनी रेखाची शाळा नववीनंतर सोडवली. आता सतरा नंबरचा फॉर्म भरून ती घरूनच दहावी देणार, शिकवणार मी. इतिहासाच्या पुस्तकात आपला मराठवाडा चार ओळींत आटोपलाय, म्हणून ह्यांच्याकडून वाचनालयातलं जाड पुस्तक मागवलं. मामंजी लगेच, "पेपरात येत न्हाई ते काहून वाचून राहिल्या?"

आणि त्यांना बैठकीत पोरीचा धडा वाचतानाचा आवाज ऐकू आला पाहिजे. थांबला की हाक.

मग आज पाठ्यपुस्तक मीच मोठ्यानं वाचलं. एकच धडा, परत परत, आवाज पडू न देता. रेखा शेजारी गप्प, जाड पुस्तकात बुडालेली. निजामाचं राज्य गेलं तिथं तिनं माझा हात घट्ट धरला. बराबर केलं का मी? पण दुसरं काय करणार...

चहा द्यायला गेले तर मामंजी खूश.

"पोरीचा आवाज पार तुझ्यावानी झाला गं."

हे रेखाला सांगितलं नाही.