पिवळ्या झाकणाचा डबा

मी, या कागदाच्या शेवटी डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा गॅरेजमध्ये गाडीगाडीचं इंजिन ऑइल निवडून देणे, राहणार त्याच गॅरेजवरच्या दोन खोल्यांत, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र सांगत आहे. मला लिहिता येत नाही. लिहून घेत आहे माझी सून. तिचं अक्षर टपोरं आणि तोंड बंद. दोन्ही गुण एका माणसात क्वचित सापडतात. हे वाक्य तिने गाळू नये, मी नंतर वाचून घेणार आहे.

डोकं ठिकाणावर असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी त्यांना गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारलं. मला वार आला.

१. वरच्या दोन खोल्या, गॅलरीसह, माझ्या मुलीला. वडील गेल्यापासून गॅरेज तीच चालवते. तिने जिन्यातला तो चौथा, हलणारा दगड आता तरी बसवून घ्यावा.

२. लोखंडी कपाट सुनेला. किल्ली फिरवताना दार थोडं वर उचलावं लागतं. एवढी वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून सगळे कपाटाला शिव्या घालत होते.

३. समोरच्या पंक्चरवाल्याने अकरा वर्षांपूर्वी ‘एका दिवसासाठी’ नेलेला जॅक मी त्यालाच देत आहे. मला पाहून गल्ली बदलायची त्याची सवय त्यामुळे सुटावी. गुडघे दुखतात बिचाऱ्याचे.

४. बँकेत जे असेल ते नातवंडांना सारखं. भांडलात तर बँकेला.

५. मला ऑइलबद्दल जे कळतं ते मुलीला. डब्यावर दोन आकडे असतात. पहिला गार इंजिनाचा, दुसरा तापलेल्या इंजिनाचा. पहिला जितका लहान, तितकं ऑइल थंडीच्या सकाळी चटकन धावतं आणि इंजिनाच्या टाळूपर्यंत पोचतं. दुसरा जितका मोठा, तितकं ते तापल्यावरही दाट राहतं. नवं इंजिन म्हणजे अंगाबरोबर शिवलेला सदरा, त्याच्या फटींत पातळच शिरतं. म्हातारं इंजिन सैल पडलेलं, ऑइल पिणारं. त्याला जरा दाट मानवतं. पण आधी गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडायचं आणि त्यात दिलंय त्याच्या बाहेर जायचं नाही. गिऱ्हाईक म्हणेल, “दाटच घाला आजी, दाट म्हणजे ताकद.” त्याला म्हणावं, मग मध घालते.

६. आता खरं कलम. ते पुस्तक मला वाचता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. डब्यावरचे आकडेही वाचता येत नाहीत, हे कोणालाच माहीत नाही. लग्नानंतर आमच्या ह्यांनी दोन महिने मला आकडे शिकवले. ते शिकवायचे आणि मी त्यांच्या मिशीकडे बघत बसायची. मिशी पाठ झाली, आकडे राहिले. त्यांचं मन मोडू नये म्हणून ‘आले’ म्हणून सांगितलं. मग मी झाकणं पाठ केली. पिवळं झाकण पातळ, लाल झाकण दाट. उघड्या डब्यातला थेंब दोन बोटांत चोळला की मला नेमकं कळतं, पण सीलबंद डब्यात बोट कसं घालणार? गिऱ्हाइकासमोर पुस्तकातलं ऐकायचं असलं की माझा चष्मा हरवायचा आणि कोणीतरी वाचून दाखवायचं. “आमच्याकडे ऑइल हिच्या हातून पास होतं,” असं हे गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचे. डब्यांच्या फळीपाशी माझी एक खुर्ची होती. सगळ्या आयुष्यात माझी म्हणून तेवढी एकच.

बावीस वर्षांपूर्वी, हिवाळा तोंडावर असताना, झाकणांचे रंग बदलून आले. मला पत्ता नाही. शाळेच्या मोठ्या बाई, ज्या आज इथे साक्षीला बसल्या आहेत, त्यांची नवी कोरी गाडी आली होती. माझा मुलगा, तेव्हा चोवीस वर्षांचा, गाडीखाली होता. मी पिवळ्या झाकणाचा डबा काढून त्याच्या बाकावर ठेवला. त्याने ओतला. अख्खा हिवाळा गाडी सकाळी खडखडत सुरू व्हायची. बाईंना वाटलं, नवी आहे, रुळेल. शेवटी इंजिन उघडलं, तर वरचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या टाळूतला फिरता दांडा, खरवडून निघालेला.

ह्यांची सवय अशी की रिकाम्या डब्यावर खडूने गाडीचा नंबर टाकून तो वर्षभर ठेवायचा. डबा सापडला. वीस-पन्नास. हवं होतं पाच-तीस. चार गिऱ्हाइकांसमोर हे पोराला म्हणाले, “आकडा वाचता येत नाही? शाळेत काय गुरं वळत होतास?”

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. “आई, डबा तू काढून ठेवला होतास ना?”

मी म्हटलं, “मी कशाला हात लावू? तूच काढलास.”

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, “हो, मीच असेन.”

आई खोटं बोलली असेल, यापेक्षा आपले हात चुकले असतील, हे त्याला सोपं वाटलं. महिन्याभरात त्याने पाने खाली ठेवले आणि गॅरेज सोडलं. आज तो चपलांच्या दुकानात आहे. इंजिनाला त्याच्याएवढा कान या घरात कोणाला नव्हता, त्याच्या बापालासुद्धा नाही.

सबब गॅरेजचा अर्धा हिस्सा माझ्या मुलाला देण्यात यावा, आणि मी गेल्यावर हे कलम त्याला मोठ्याने वाचून

येथे सुनेने पेन खाली ठेवले.

“लिही की.”

“नाही लिहिणार.”

“का? शाई संपली?”

“आई, तुम्ही गेल्यावर त्यांनी रागवायचं कोणावर? फोटोवर?”

मी पेन तिच्याकडे सरकवलं. तिने उचललं नाही.

“शेगडी बंद केली का ते तीन-तीनदा उठून बघतात. कुलूप लावून जिन्यातून परत येतात. मला वाटायचं, स्वभाव. ते खाली ताईंशी बोलत उभे आहेत. मी हाक मारते. तुम्ही सांगा.”

सुनेचं तोंड बंद असल्याचं वर लिहिलं आहे, ते खोडावं. सबब वगैरेही खोडावं.

७. मुलगा वर आला. मी सांगितलं. उभ्यानेच ऐकलं त्याने.

“म्हणजे मी नव्हतो काढला.”

“नव्हतास.”

“किती आठवून पाहिलं मी. डबा हातात घेतलेला आठवायचाच नाही. वाटायचं, माझ्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे.” मग आवाज चढला. “बावीस वर्षं, आई! एक दिवससुद्धा सुचलं नाही?”

“रोज सुचलं. तोंड उघडलं की दुसरंच निघायचं. जेवलास का, म्हणून इतक्यांदा विचारलंय ना तुला, त्यातल्या निम्म्या वेळा हेच सांगायचं होतं.”

तो खाली निघून गेला. मोठ्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, “अहो, मला सांगितलं असतंत तर चार दिवसांत आकडे शिकवले असते.” शिंपीकाका, दुसरे साक्षीदार, खिडकीबाहेर बघत बसले. पाऊण तास लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

८. मुलगा परत आला. बायकोच्या हातातून कागद घेतले. ज्याला वाचता येत नाही त्याला मजकूर वाचून दाखवावा लागतो म्हणे. त्याने पहिल्या ओळीपासून वाचलं, मोठ्याने, मिशीसकट, एक शब्द न गाळता. सहाव्या कलमातलं ‘तूच काढलास’ त्याने दोनदा वाचलं, मग पुढे गेला. संपल्यावर पेन मागितलं.

“दुरुस्ती आहे,” म्हणाला.

“कुठे?”

“डबा तू काढलास. पण ओतण्याआधी आकडा बघायचं काम माझं होतं. मला वाचता येत होतं. अर्धी चूक माझी लिही.”

“आणि गॅरेज?”

“ते ताईचं आहे. तिने राबून उभं ठेवलंय. मला नको.”

“राग गेला का?”

“नाही गेला. सरक जरा, बसू दे.”

त्याप्रमाणे दुरुस्ती: गॅरेज, हत्यारांसह, पूर्णपणे मुलीला. मालमत्तेत वाटा नको आणि चुकीत अर्धा पाहिजे, असा वारस मी पाहिला नाही. मागितलेला अर्धा मी त्याला देत आहे. उरलेला अर्धा आणि खोटं बोलण्याचा सगळाच्या सगळा भाग माझ्या नावावर राहील. बाकीच्या कलमांनी मी मरायची वाट पाहावी. हे कलम आजपासून लागू.

वरील मजकूर मुलाने मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

अंगठा, डाव्या हाताचा: ऑइलवाली आजी
लिहून घेणार: सून (सही)
साक्षीदार पहिल्या: मोठ्या बाई, निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
साक्षीदार दुसरे: शिंपीकाका, शेजारचे (सही)
ठिकाण: गॅरेजवरची पुढची खोली
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४, रविवार, दुपारचा एक