बाकाखालचा आवाज

नाहूर,
फेब्रुवारी १९८७

प्रिय शेवंती,

पाकीट बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. शेजारच्या नंदकिशोरने तिकडे येऊन काही तिखटमीठ लावून सांगितलं, तर त्यातलं निम्मं सोडून दे. रजेवर येताना तुझी कॅसेट त्यानेच आणली, उद्या तो मस्कतला परत निघालाय, आणि रोज दारात येऊन विचारतो की दादा, वहिनीला कॅसेटवर उत्तर भरलंत काय. नाही भरलं. तू वैतागली असशील. अजून दोन वर्षांच्या करारावर सही करू की परत येऊ, तुम्ही सांगा, असं बायकोने विचारावं आणि नवऱ्याने मूग गिळून बसावं, हे काही बरं नाही. पण आधी बागेचं ऐक, म्हणजे कळेल.

गिरणी गेल्यावर मुलुंडच्या या बागेत वॉचमन लागलो ते तुला ठाऊकच आहे. अर्धं आयुष्य कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात काढलं, आता शांततेची राखण करतो. तर बागेच्या ट्रस्टला यंदा हुक्की आली, बंद कारंज्यापाशी काहीतरी नवीन कलाकृती करून घ्यायची. मीटिंग झाडाखालीच, चहा मी आणायचा, त्यामुळे सगळं कानावर पडलं. एकाला पुतळा हवा, दुसऱ्याला सकाळ-संध्याकाळ भजनं. अध्यक्ष विद्याधरसाहेब, बँकेतून रिटायर झालेले, म्हणाले की पुतळे पुष्कळ झाले, आपण आवाजाचं काहीतरी करू. अंधेरीची उत्तरा म्हणून एक बाई आहे, तिला त्यांनी काम दिलं. मी म्हटलं, वाट लागली, आता झाडावर कर्णा येणार आणि शिव्या मला बसणार.

तसं काही झालं नाही गो. तिने बाकांच्या खाली छोटे छोटे स्पीकर बसवले, इतके हळू की त्या बाकावर बसेल त्यालाच ऐकू यावं. आणि ऐकायचं काय, तर इथल्याच लोकांच्या घरातले आवाज. घरच्या कॅसेटी आणून द्या, कॉपी करून परत देते, असं तिने सगळ्यांना सांगितलं. लोकांनी आणल्यासुद्धा. कोणाचं बारसं, कोणाच्या मुलीची चुकतमाकत वाजवलेली पेटी, एका घरचं तर नुसतं जेवणाच्या वेळचं भांडण. तिने मलाही विचारलं. मी काय, लगेच मिरवायला तुझी घेऊन गेलो, माझी बायको तीन वर्षं मस्कतला एका डॉक्टरांची मुलं सांभाळते म्हणून.

तिने हेडफोन कानाला लावून सगळी ऐकली आणि म्हणाली, फार छान बोलतात, आधीच्या कॅसेटी पण आणा. मी हसलो. म्हटलं, आधीच्या कुठल्या, आमची कॅसेट एकच. तिचं ऐकायचं, पुन्हा पुन्हा ऐकायचं, मग त्याच्यावरच माझं भरून पाठवायचं, ती माझ्यावर तिचं भरते. आपल्या आळीत मस्कतवाले सगळे असंच करतात. तर ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणजे तीन वर्षांतलं त्यांचं दुसरं काहीच उरलं नाही, असं तिने विचारलं आणि माझं हसू तोंडातच राहिलं. तू त्या पोरांना मालवणी शिव्या शिकवल्यास ती गंमत, तापात भरलेलं ते बारीक आवाजातलं बोलणं, गणपतीत खोलीत एकटीने म्हटलेली आरती. सगळं मीच पुसलं. लाल बटण दाबून, वर हॅलो हॅलो करून. कधी मनातच आलं नाही की आपण पुसतोय.

आता बदामाखालच्या बाकावर तू असतेस. जेवलात काय, उगाच उभ्याने खाऊ नका, बसून जेवा, एवढंच. संध्याकाळी बटण मीच दाबतो. तिथे सीताराम म्हणून एक म्हातारे येऊन बसतात, बायको वारलेली, आणि तुझं ऐकून रोज म्हणतात, जेवलो गं बाई. मला असा राग आला ना शेवंती. माझ्या बायकोला हा कोण उत्तर देणारा? उत्तराबाईला सांगून तो स्पीकर काढायला लावला. दुसऱ्या दिवशी म्हातारे आले, बसले, थोड्या वेळाने वाकून बाकाखाली बघितलं, हाताने चाचपलं, आणि उठून गेले. मला घरी येऊन काही सुचेना. सकाळी मीच उत्तराबाईचे पाय धरायचे बाकी ठेवले, तेव्हा तिने स्पीकर परत लावला.

उत्तर भरायला मी कोरी कॅसेट आणली होती. बटण दाबून बसलो, पण तुझं ऐकल्याऐकल्या बोलायची सवय. कोऱ्या कॅसेटवर बोलायला गेलं की घरात कोणी नाही हेच कळतं. आणि जुनीवर भरायचं तर तुला पुसावं लागेल, तो धीर मला आता नाही. म्हणून हा कागद. तुझी कॅसेट ट्रंकेत ठेवलीय, ती मी पाठवणार नाही. आजवर तू विचारलंस की मी तुझं तू बघ म्हणायचो, मोठेपणा म्हणून. या वेळी सांगतो. सही करू नकोस, परत ये. मला एकट्याला होत नाही. रोज संध्याकाळी तू बाकाखालून विचारतेस आणि त्या बाकावर बसणारा कोणीही तुला उत्तर देतो, मी मात्र गेटाशी गप्प उभा असतो. तर ऐक. जेवतो गो. पण अजून उभ्यानेच जेवतो.

तुझाच,
दत्ताराम