बिनकारणाचा हुकूम

रविवार, ५ जानेवारी १९९७

या नोंदींतून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : प्रसेनजीत लष्करी प्रशिक्षणात टिकणार नाही, आणि टिकलाच, तर माणूस म्हणून लहान होऊन परत येईल.

नातू आज सकाळच्या एस.टी.ने नाशिकला गेला — तोफखान्याच्या केंद्रात. त्याचे आईवडील नोकरीमुळे साताऱ्याला. शाळेपासून तो आमच्याकडेच वाढला. माझा विरोध होता आणि तो मी भावनेने नव्हे, युक्तिवादाने मांडला होता. पहिले आधारविधान : कारण न सांगता ज्याला हुकूम दिला जातो, त्याची मानहानी होते. दुसरे : लष्करात हुकुमाचे कारण सांगत नाहीत. निष्कर्ष काढायला मी हयातभर तर्कशास्त्र शिकवायची गरज नव्हती.

पहिल्या विधानाचा पुरावा घरातलाच आहे. माझे वडील, रावजी, गावचे येसकर, महारकीच्या कामाला बांधलेले. चावडीवरून हाक आली की भरल्या ताटावरून उठायचे. परगावी सांगावा पोहोचवायचा, नाहीतर मेलेले जनावर ओढायचे. कशासाठी, आत्ताच का — विचारण्याची सोय नव्हती. हाकेगणिक त्यांना लहान होताना मी पाहिले आहे. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेऊन परतलो तेव्हाच घरात नियम घातला : कोणीही कोणाला कारण दिल्याशिवाय काही सांगायचे नाही. माझी पत्नी तानूबाई चारचौघांत म्हणते, "ह्यांच्या घरात मीठ मागायचं तरी कारण द्यावं लागतंय!" पण तिने नियम पाळला, हेही नोंदवले पाहिजे.

निघताना प्रसेनजीतला पुन्हा विचारले — का जातोस?

"सांगून सांगून दमलो की, आबा. आता जाऊ द्या."

हे उत्तर नव्हे.

मंगळवार, ७ जानेवारी

कोपऱ्यावरचा सायकलवाला दिलदार मुलाणी आला होता. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त, मूळचा कागलचा. त्याची रीतसर साक्ष घेतली.

"सर, काय बी होत न्हाय पोराला! पहिल्या दिवशी डोसकं भादरत्यात. मग पेटी देत्यात, बूट देत्यात. मग उस्ताद म्हणतोय, आजपासनं मीच तुझी आई आन् मीच तुझा बाप. आन् सांगतो तुमास्नी, दोन्हीतलं येक बी मायाळू नसतंय!"

"मुले रडतात?"

"रडत्यात की! समदी. पर संडासात. तेवढ्यालाच दार असतंय."

"आणि जेवाय?" तानूबाई आतून.

"पोटभर, वहिनी. फकस्त टाइम न्हाय. गिळायचं तिथं, चावायचं सुट्टीत घरी आल्यावर!"

स्वतःची चूक नसताना शिक्षा होते काय, असे विचारले. "व्हय तर! येकाची टोपी वाकडी — सगळ्या पलटणीला रगडा. कोलांट्या मारत मैदान पालथं घालायचं."

"कारण?"

"कारण काय, सर? टोपी वाकडी हाय की!"

दुसरे आधारविधान सिद्ध झाले. साक्षीतला बर्फात अस्वलाला थोबाडीत मारल्याचा भाग वगळला आहे.

शनिवार, १ फेब्रुवारी

पत्र आले. टाचांना फोड. पळताना ओकला. बुटांना पॉलिश पुन्हा पुन्हा करावे लागते, कारण उस्तादाला त्यात स्वतःच्या मिशा दिसल्या पाहिजेत. अंथरुणाची घडी उलगडून फेकली गेली. शेवटी — 'मी बरा आहे.'

तानूबाईने माझ्याकडून शेवटचे वाक्य दोनदा वाचून घेतले. मी 'ओकला' हे दोनदा वाचले.

बुधवार, ५ मार्च

पत्र नाही. तो रमला आहे, किंवा मोडला आहे. दोन्ही अनुमाने सारखीच दुबळी.

सोमवार, १४ एप्रिल

मिरवणुकीला उभा होतो. जो तो विचारतो — नातू कुठाय? परतलो तर शेजारच्या टेलिफोनवर त्याचाच निरोप होता : बाबासाहेबांच्या जयंतीची सकाळची हजेरी झाली, मग सगळ्यांना शिरा मिळाला, वजन वाढले आहे. तानूबाई शेजारणीच्या गळ्यात पडली. मलाही हायसे वाटले. हायसे वाटणे माझ्या सिद्धान्ताच्या विरुद्ध जाते, म्हणून ते मुद्दाम लिहून ठेवतो!

रविवार, १ जून

मधल्या सुट्टीवर आला. रापलेला, सरळ, खांदे भरलेले. आमचा दुसरा घास तोंडात जायच्या आत याचे ताट स्वच्छ. मग स्वतः उठून ताट घासले, आमचीही घासली.

"अगं बया," तानूबाई म्हणाली, "ह्ये कुणाचं पोरगं आणलंय बदलून?"

चौकशीअंती मला कळले आहे की शपथविधी होईपर्यंत सैन्यातून नाव काढून घेता येते. म्हणजे ही सुट्टी ही शेवटची संधी. उद्या त्याची उलटतपासणी घेणार — आणि त्याला परत जाऊ देणार नाही.

सोमवार, २ जून

आडवळण न घेता थेट मुद्द्याला हात घातला.

"संडास घासावे लागले?"

"लागले की."

"कोणी सांगितले?"

"उस्तादनं."

"कारण सांगितले?"

"न्हाय."

मी चष्मा काढला. वर्गात एखाद्याला निरुत्तर केल्यावर काढत असे, तसा. प्रसेनजीत हसू लागला.

"आबा, थांबला का? फुडचं इचारा की. माझ्या जोडीला कोण हुतं ते."

जोडीला होता बाळासो. गगनबावड्याकडचा, गावच्या पाटलाचा थोरला.

"त्येला खराटा धरता येत नव्हता, आबा. मी दाखवला. पहिल्या दिवशी म्हणाला, आमच्याकडं ह्ये काम... आन् माझ्याकडं बघून गपकन थांबला. उस्ताद मागंच हुता. म्हणाला, पाटील, ये सरकार का संडास है, तेरे गाँव का नहीं. घासलं मग. नाक दाबून! आता मला काय म्हणतोय म्हाईत हाय? कुरण्या, तुझ्यापेक्षा माझं भांडं चकाकतंय."

"आणि तुला काय वाटले?"

"मला? पहिल्या दिवशी लय वाईट वाटलं. तुमची आठवण झाली, पणजोबांची झाली. मग इकडंतिकडं बघितलं. पंजाबी घासतोय, तमिळ घासतोय, बामणाचं पोरगं घासतंय. सगळ्यांस्नी येकच हुकूम. मग कशाचं वाईट वाटून घ्यायचं?"

मी चष्मा पुन्हा चढवला. तो मात्र थांबेना.

"आन् खरं सांगू? तिथं बरं वाटतं. कुणी कारण सांगत न्हाय, आन् मला बी कुणाला द्यावं लागत न्हाय. हितं, आबा, सिनेमाला जायचं तरी आधी तुमच्याशी वाद जिंकायला लागायचा!"

स्वयंपाकघरातून तानूबाईचे हसणे इतका वेळ ऐकू आले की दूध उतू गेले.

उलटतपासणी स्थगित.

शनिवार, १४ जून

उद्या सुट्टी संपते. दुपारी पाहिले तर प्रसेनजीत रिकाम्या पेटीपुढे मांडी घालून बसलेला. सामान बाजूला तसेच.

"आबा, जाऊ नये वाटतंय."

हळूहळू बाहेर आले. तिथे दोन उंच खांबांमध्ये दोर बांधला आहे; त्याला लोंबकळत पलीकडे जायचे. सुट्टीच्या आधी हा मधेच गोठला. हात सुटेनात, पुढे सरकेनात. शिडी लावून उतरवावा लागला. गेल्या गेल्या पहिला दोर याचाच, असे उस्तादाने बजावले आहे. आणि या खेपेलाही जमले नाही, तर परत पाठवतील.

"रिजेक्ट हून येण्यापरीस आपणच न्हाय गेलो तर?" तो म्हणाला. माझ्याकडे बघत होता.

जानेवारीपासून बांधलेला युक्तिवाद जिभेवर तयार होता. एक वाक्य बोललो असतो तर तो राहिला असता. मी सुरुवातही केली : "एका बाजूने पाहता —"

"आबा, कारणं नकोत. दोन्ही बाजूंची मला पाठ हाईत. आज नुसतं सांगा. जाऊ का नको?"

तानूबाई पिठाच्या हातांनी दारात उभी होती. पदर सावरायचेही भान नव्हते तिला.

मी म्हणालो, "जा."

पुढे काहीच जोडले नाही. छप्पन्न सालचा नियम मी माझ्या तोंडाने मोडला. प्रसेनजीत खाडकन उभा राहिला, "जी साब!" म्हणून टाच आपटली आणि पेटी भरायला लागला. इतका मोकळा तो लहानपणीही हसल्याचे स्मरत नाही. माझ्याही छातीवरचे काही तरी उतरले. काय, ते शोधत बसलो नाही.

"जमतंय की तुमास्नी!" तानूबाई म्हणाली. "मला बी सोडा बघू एक हुकूम."

"चहा कर."

"न्हाय करत जा!"

चहा मी केला. तिघांचा. साखर विसरली; तरी तिघांनीही कप रिकामे केले.

रविवार, २९ जून

शेजारी फोन आला. दोर पार झाला. सुट्टीआधीची धरून दुसऱ्या खेपेला, पण झाला.

एक चूक कबूल करतो. प्रत्येक मानहानीत मी हुकूम पाहिला, आणि त्यावरून प्रत्येक हुकुमात मानहानी असते असे ठरवले. विधान असे उलटवता येत नाही. हे पहिल्या वर्षाची मुलेही जाणतात. चावडीवरून कारण सांगत नसत, हा दोष दुय्यम होता. ती हाक गावात आमची वस्ती सोडून दुसऱ्या कोणाच्याही दाराला जात नव्हती. दोष हाकेचा आणि हाक मारणाऱ्यांचा. मी तो उठून जाणाऱ्याच्या नावावर लिहिला होता.

माझा युक्तिवाद उभा राहायला माझे वडील लहान असणे भाग होते. ते लहान नव्हते.

— गणपती रावजी कुरणे